सायलोसायबिनच्या अनुभवाचा अर्थ नक्की कुठून येतो? मासातेक जागर आणि प्रयोगशाळा

अक्षरवेल

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासगटात पुढच्या महिन्यात सायकेडेलिक अनुभव आणि संस्कृती या विषयावर चर्चा आहे, मांडणी माझ्याकडे आहे. वाचताना एक अडचण सारखी येते. एकीकडे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्ससारख्या विद्यापीठांतले निबंध आहेत, त्यात मिलिग्रॅम आणि गुणांकांचे तक्ते. दुसरीकडे मेक्सिकोतल्या मासातेक या मूलनिवासी समाजातल्या वैदू मारिया सबिनाबद्दलचं लेखन आहे, त्यातलं बरंचसं भारावलेलं आणि मोघम. दोन्हीकडे रेणू एकच, काही अळंब्यांतलं मनाची अवस्था बदलणारं सायलोसायबिन, पण वर्णनं वाचली तर दोन वेगळ्या गोष्टींबद्दल वाचतोय असं वाटतं.

माझे प्रश्न असे. मासातेक लोकांच्या त्या रात्रीच्या विधीत प्रत्यक्ष काय होतं? संशोधनातल्या सत्रात काय होतं? आणि "दोन तृतीयांश लोकांनी हा आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांपैकी एक म्हटलं" हे वाक्य सगळीकडे दिसतं, ते कसं वाचायचं? गटात कुणीतरी सोमरसाचा विषय काढणारच, तेव्हा त्याबद्दलही कुणी नेमकं सांगितलं तर बरं.

कुठे मिळतं, कसं घ्यायचं, हे या धाग्यावर कृपया नको. सायलोसायबिन आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे.

डोंगरकूस

मासातेक बाजू मी घेतो.

ठिकाण ओआहाका राज्यातलं वाउत्ला दे हिमेनेस, डोंगराळ आणि पावसाचा भाग. अळंबी पावसाळ्यात येते, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर. विधीला स्पॅनिशमध्ये वेलादा म्हणतात, आपण रात्रजागर म्हणू. तो घरातच होतो, संतांच्या तसबिरी मांडलेल्या देव्हाऱ्यासमोर. अळंबी कोपाल नावाच्या राळेच्या धुरावर धरतात आणि जोडीजोडीने खातात. मग मेणबत्त्या विझवतात. उरलेली रात्र अंधारात, फक्त आवाजावर चालते: जप, टाळ्या, अंगावर मारलेल्या थापा, मधेच शांतता. पहाटेपर्यंत कुणी घराबाहेर जात नाही. आधीचे आणि नंतरचे चार दिवस ब्रह्मचर्य पाळायचं असतं आणि ते मोडलं तर वेड लागतं अशी समजूत आहे. म्हणजे पथ्य विधीइतकंच महत्त्वाचं.

मुख्य मुद्दा असा की जागर कशासाठी तरी असतो. घरात कुणी आजारी आहे, वस्तू हरवली आहे, गाव सोडून गेलेल्या माणसाची खबर नाही. तो प्रश्न घेऊन लोक येतात आणि उत्तर शोधायचं काम जाणत्या बाईचं. वॉसन या बाहेरून आलेल्या अमेरिकी बँकरच्या आधी देव भेटावा म्हणून कुणी ही अळंबी खात नव्हतं, आजार बरा व्हावा म्हणूनच खात, असं मारिया सबिनाने स्वतः सांगून ठेवलं आहे. तुमच्या मांडणीत हे एक विधान जरूर घ्या.

आणि उत्तर गोडच असतं असं नाही. जुलै १९५८ मध्ये वॉसनने एक संपूर्ण जागर ध्वनिमुद्रित केला, तो सतरा वर्षांच्या एका आजारी मुलासाठी होता. निकाल वाईट निघाला आणि तो त्या मुलाच्या समोरच, सगळ्यांच्या देखत सांगितला गेला. पुढे तो मुलगा वारला. ही ध्वनिमुद्रणं ऐकून "उपचाराचं संगीत" म्हणून भारावणाऱ्यांना बहुतेक वेळा हे माहीत नसतं.

आता दृश्यांकडे बघा. गॉर्डन वॉसन न्यूयॉर्कचा बँकर, जे. पी. मॉर्गनचा उपाध्यक्ष. २९ जून १९५५ च्या रात्री त्याला काय दिसलं? भौमितिक नक्षी, रत्नजडित महाल, अंगणं, रथ ओढणारा पौराणिक प्राणी. मारिया सबिनाला तिच्या सुरुवातीच्या एका मोठ्या जागरात, बहिणीच्या आजारपणात, काय दिसलं? टेबलामागे बसलेले "प्रमुख" लोक, टेबलावर लिहिलेले कागद, आणि तिच्या हाती आलेलं एक पुस्तक. बाई निरक्षर. गावात सत्ता जिथे बसते, म्हणजे नगरपालिकेचं टेबल, चर्चमधला ग्रंथ, शिक्क्याचे कागद, तिथूनच तिला अधिकार मिळाला. तिच्या जपात संतांच्या नावांबरोबर "मी वकील बाई आहे" अशीही ओळ येते. ती चर्चच्या भगिनीमंडळाची अनेक वर्षं सदस्य होती, त्यामुळे "ख्रिस्ती धर्म येण्याआधीची शुद्ध परंपरा" हे वर्णनही तिला लावू नका. सोळाव्या शतकात सहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने मधाबरोबर अळंबी खाण्याची नोंद केली आहे, परंपरा जुनी आहे हे खरं. पण मधल्या चारशे वर्षांत तिने जे पचवलं तेही तिचंच.

नाडीपरीक्षा

प्रयोगशाळेची बाजू मी मांडतो.

आधी रसायन. सायलोसायबिन शरीरात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए या ग्राहींवर काम करतं. अर्ध्या तासाच्या आसपास सुरुवात, दीड-दोन तासांत शिखर, पाच-सहा तासांत ओसरतं. १९५८ मध्ये हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने सॅन्डोझ कंपनीच्या बाझेलच्या प्रयोगशाळेत ते वेगळं केलं, वाउत्लाहून आणलेल्या अळंबीपासून पॅरिसमध्ये वाढवलेल्या नमुन्यांतून.

हॉपकिन्सच्या ज्या अभ्यासातून "दोन तृतीयांश" आलं तो २००६ चा. माणसं ३६, कुणीही आधी असं काही घेतलेलं नव्हतं. मात्रा ७० किलो वजनाला ३० मिलिग्रॅम, तुलनेला मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध ४० मिलिग्रॅम. दोन महिन्यांनी विचारल्यावर ६७ टक्के लोकांनी तो आयुष्यातला सर्वांत अर्थपूर्ण किंवा अशा पहिल्या पाचांतला एक अनुभव म्हटला. त्याच निबंधात हेही आहे की ३६ पैकी ११ जणांना सत्रात तीव्र भीती वाटली. पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा वृत्तपत्रांत फारसा येत नाही.

सत्राची रचना त्याच गटाच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आधी छाननी: स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर असेल तर प्रवेश नाही. रक्तदाब जास्त असेल तर नाही, कारण सत्रात तो वाढतो. मग तयारीच्या भेटी, एकूण किमान आठ तास. त्यात माणसाचं आयुष्य, घर, भीती, सगळं बोललं जातं. बहुतेक लोक याला औपचारिकता समजतात. पण तयारी कमी पडली की सत्रात घबराट वाढते, कारण समोरच्या माणसावर विश्वास बसलेला नसतो. सत्राच्या दिवशी हलका नाश्ता, कॅप्सूल, सोफा, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. दोन माणसं पूर्ण वेळ सोबत. स्पर्श कुठे आणि कसा चालेल हे आधीच ठरलेलं: हात धरणं, खांद्यावर हात, एवढंच. भीती वाटली तर तिच्यापासून पळू नका, तिच्याकडे बघा, हे आधी सांगून ठेवतात. संध्याकाळी नातेवाईक घरी नेतात. त्या रात्री अनुभव लिहून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायला यायचं.

यात काय बिघडतं? दुसऱ्या दिवसानंतरच्या भेटी कमी केल्या की लोकांना मोठा अनुभव आठवतो, पण त्याचं करायचं काय हे कळत नाही. आणि सोबतच्या माणसाने आपलं तत्त्वज्ञान सुचवायला सुरुवात केली की ते फार पटकन आत जातं, कारण या काळात मन सूचनांना नेहमीपेक्षा जास्त मोकळं असतं. एमडीएमए या मनावर परिणाम करणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याच्या कॅनडातल्या एका चाचणीत उपचारकांनी स्पर्शाची मर्यादा ओलांडल्याचं चित्रफितींतून २०२२ मध्ये बाहेर आलं. दोन माणसं खोलीत असूनही ते घडलं. मर्यादा कागदावर असणं पुरत नाही, चित्रीकरण बाहेरच्या कुणीतरी तपासावंही लागतं.

अक्षरवेल

दोघांचेही आभार. एक पुढचा प्रश्न. डोंगरकूस म्हणतात दृश्यं संस्कृतीतून येतात. मग हॉपकिन्सच्या लोकांना "एकत्वाचा" अनुभव येतो तो रेणूचा की तिथल्या खोलीचा? आणि गोळीत विधी नसतो, तरी ती चालते. मग विधी वरचा मुलामाच म्हणायचा का?

शंकासूर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९६२ मध्येच मिळालं आहे. हॉफमन त्या वर्षी वॉसनबरोबर मेक्सिकोत गेला आणि त्याने मारिया सबिनाला कृत्रिम सायलोसायबिनच्या गोळ्या दिल्या. गोळीचा असर उशिरा सुरू होतो म्हणून आधी नाराजी होती, मग आणखी गोळ्या दिल्या, जागर झाला, आणि पहाटे तिने सांगितलं की गोळीत अळंबीचीच शक्ती आहे. आता अळंबी नसलेल्या महिन्यांतही जागर करता येईल म्हणून ती खूश झाली. यावरून दोन्ही टोकांच्या लोकांना धडा मिळतो. "निसर्गातल्या अळंबीतच आत्मा असतो" म्हणणाऱ्यांना त्या परंपरेची सर्वांत जाणती बाई खोडून काढते. आणि "रेणू म्हणजेच सगळं" म्हणणाऱ्यांनी बघावं की तिने गोळीसुद्धा अंधारात, जप करत, प्रश्न समोर ठेवून वापरली. पदार्थ बदलला, काम तेच राहिलं.

पहिला प्रश्न जास्त अवघड आहे. हॉपकिन्समध्ये अनुभव मोजतात ते प्रश्नावलीने. तिचं आज सर्वाधिक चालणारं रूप ३० प्रश्नांचं आहे, त्याचे चार भाग: गूढ अनुभूती, आनंदी भाव, काळ आणि स्थळ यांपलीकडे जाणं, शब्दांत न मावणं. या चौकटीचं मूळ वॉल्टर स्टेस या तत्त्वज्ञाच्या १९६० च्या मांडणीत आहे, की सगळ्या धर्मांच्या गूढ अनुभवांचा गाभा एकच. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच मोजपट्टीत आधी घातलेलं आहे. मारिया सबिनाला ही प्रश्नावली दिली असती तर "टेबलावरचे कागद", "आजार कुठे अडकलाय ते दिसलं" याला रकानाच नाही. तिचे गुण कमी भरले असते! म्हणून "६७ टक्के" हे त्या खोलीतल्या, त्या तयारीच्या, बहुतेक सुशिक्षित आणि आध्यात्मिक ओढ असलेल्या अमेरिकनांचं वर्णन म्हणून वाचा. मनुष्यजातीचं म्हणून नको.

याचा जुना आणि अजूनही उत्तम पुरावा अँथनी वॉलेस या मानववंशशास्त्रज्ञाचा १९५९ चा लेख आहे. त्याने पेयोटे निवडुंगातलं मेस्कलिन घेतलेल्या दोन गटांच्या नोंदी शेजारी ठेवल्या: प्रयोगात सहभागी झालेले गोरे लोक आणि पेयोटे पंथाचे मूलनिवासी. गोऱ्यांमध्ये मनःस्थितीचे टोकाचे चढउतार, संकोच गळून पडणं, संशय. मूलनिवासींमध्ये स्थिर आदरभाव, मर्यादशील वागणं, आणि पंथाच्या शिकवणीशी जुळणारी दृश्यं. त्या पंथाची बैठक बघितली की कारण कळतं. रात्रभर विस्तव, चंद्रकोरीच्या आकाराची मातीची वेदी, पाणी भरलेला ढोल, खुळखुळा आणि काठी हातोहात फिरते, ज्याच्या हाती येईल त्याने चार गाणी म्हणायची, मध्यरात्री पाणी, सकाळी मका, फळं, मांस यांची न्याहारी. पुढच्या क्षणी काय करायचं हे प्रत्येकाला माहीत असतं. एखाद्याचा तोल जायला लागला तरी त्याच्या हातात काहीतरी काम येतं. प्रयोगातल्या माणसाला पांढऱ्या खोलीत बसवून "आता काय वाटतंय?" विचारत होते. वॉलेसने सुचवलं होतं की औषधाच्या चाचणीत जशी बनावट गोळी देऊन तुलना करतात तशी संस्कृती आणि प्रसंग बदलूनही तुलना करा. हे काम पासष्ट वर्षांनंतरही फारच थोडं झालं आहे. हॉपकिन्सच्या धूम्रपानमुक्तीच्या एका छोट्या अभ्यासात पाश्चात्त्य अभिजात संगीताऐवजी घंटा, तिबेटी वाट्या, डिजेरिडू वगैरे वाजवून पाहिलं, फरक ठळक निघाला नाही. पण माणसं फक्त १० होती आणि तेवढ्यावर काही ठरत नाही.

माझं मत: "मी विरघळतो" हा भाग रेणू बऱ्याच अंशी करत असावा, कारण तो वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसतो. पण विरघळल्यावर ते ब्रह्म, येशू, आजाराचं कारण की नुसता घाबरवणारा गोंधळ, हे आधीची शिकवण, खोलीतली माणसं आणि सोबत आणलेला प्रश्न ठरवतात. पेरूतल्या अॅमेझॉन खोऱ्यातल्या शिपिबो लोकांत तर परवापर्यंत आयावास्का हा दृश्यं दाखवणारा वनस्पतींचा काढा मुख्यतः वैदूच पीत असे, रोग्याला प्यावंच लागत नसे. आपल्याला वाटतं अनुभव ज्याचा, अर्थ त्याचा. तिथे अनुभव एकाचा आणि अर्थ दुसऱ्याच्या उपयोगाचा.

समिधा

सोमाबद्दल थोडक्यात, कारण यात दावे फार आणि पुरावा थोडा.

वॉसननेच १९६८ मध्ये मांडलं की सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अमानिता मस्कारिया ही अळंबी. तिच्यातला मुख्य पदार्थ मस्किमॉल. तो सेरोटोनिनच्या नव्हे तर गॅबा या मेंदू शांत करणाऱ्या द्रव्याच्या ग्राहींवर काम करतो आणि परिणाम गुंगीकडे झुकतो, तेव्हा सायलोसायबिनच्या गटात ती बसतच नाही. दुसरा बळकट दावेदार इफेड्रा. झरथुष्ट्री यस्न विधीतलं 'हओम' हे पेय याच वनस्पतीच्या काड्यांपासून करतात, मुंबईतल्या पारशी धर्मगुरूंपर्यंत ही परंपरा चालत आली आहे. पण इफेड्रा उत्तेजक आहे, दृश्यं दाखवणारी नाही. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल सोमावर आहे, त्यातून दगडाने चेचणं, लोकरीच्या गाळणीतून गाळणं, दुधात मिसळणं एवढं स्पष्ट होतं. वनस्पती ठरत नाही.

तुमच्या चर्चेला उपयोगी गोष्ट वेगळी आहे. ब्राह्मणग्रंथांच्या काळीच सोम मिळेनासा झाला होता आणि पूतीक या वनस्पतीसारखे पर्याय सांगितले गेले. अग्निष्टोम हा सोमयाग मात्र थांबला नाही. सोळा ऋत्विज म्हणजे पुरोहित, दिवसाची तीन सवनं म्हणजे सोम गाळण्याच्या वेळा, मोजून मापून तेच. सोम विकत घेण्याचाही विधी आहे: बाहेरचा विक्रेता, गाय देऊन केलेली घासाघीस, आणि शेवटी त्याच विक्रेत्याला हाकलून देणं. मूळ वनस्पती आज कुणाला ओळखता येत नाही, पण तिच्या खरेदीचा सौदा अजून पाठ आहे. मूळ द्रव्य गेल्यावर विधी एकटा किती शतकं अर्थ वाहू शकतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. वाउत्लात १९६२ ला गोळी आली, इथे पूतीक आला. हॉपकिन्समध्ये द्रव्य शुद्ध आहे आणि विधी नवा बांधावा लागतोय.

त्यामुळे "आपल्याकडे हे सगळं आधीच होतं" या दिशेने चर्चा गेली तर कृपया थांबवा. ते सिद्ध होत नाही.

डोंगरकूस

समिधा, सुंदर. सौद्यावरून एक राहिलेली बाजू आठवली, किंमत कुणी मोजली ती.

वॉसनची मारिया सबिनाशी गाठ गावच्या पंचायतीतल्या अधिकाऱ्याने घालून दिली. अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून आपण नाही म्हणू शकलो नाही, असं ती नंतर म्हणाली. वॉसनने आपल्या मुलाची काळजी वाटते असं कारण पुढे केलं, कारण प्रश्नाशिवाय जागर होत नाही हे त्याला कळलं होतं. फोटो जवळच्या माणसांखेरीज कुणाला दाखवू नका असं तिने बजावलं होतं. १३ मे १९५७ च्या लाइफ मासिकात ते छापून आले, तिचं नाव बदलून, पण चेहरा तोच. १९५६ च्या त्याच्या मोहिमेत सीआयएचा पैसा आणि एक रसायनशास्त्रज्ञही होता, वॉसनला ते माहीत नसताना. साठच्या दशकात हिप्पींची रीघ लागली, १९६९ मध्ये लष्कराने त्यांना बाहेर काढलं. गावाने दोष मारिया सबिनाला दिला, तिचं घर जाळलं गेलं. परक्यांच्या येण्यानंतर अळंबीची शक्ती गेली असं ती म्हणत असे. १९८५ मध्ये ती गरिबीतच गेली.

आज सायलोसायबिनच्या विशिष्ट स्फटिकरूपावर आणि उपचारपद्धतींवर पेटंटं आहेत, त्यातलं काही मासातेक गावांकडे वळेल अशी बांधील व्यवस्था नाही. हळदीचं पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं ते आपल्या वाचकांना माहीत आहेच. तिथे जुना लेखी पुरावा दाखवता आला. मासातेक ज्ञान मुखोद्गत, आणि पेटंट मागितलं जातं ते प्रयोगशाळेत घडवलेल्या स्फटिकावर. म्हणून तोच रस्ता इथे सरळ लागू पडत नाही. गटात "सांस्कृतिक अर्थ" बोलताना हा भाग गाळू नका, फार कळकळीने सांगतो.

अक्षरवेल

नक्की घेते. शेवटचं एक, हे व्यावहारिक आहे. गटातल्या एकांना परदेशातल्या कायदेशीर केंद्रात जायचं आहे, ते नैराश्यावर गोळ्या घेतात. चर्चेत हे निघणार. काय सांगावं?

नाडीपरीक्षा

आधी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला सांगा, आणि स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका हे ठासून सांगा. अशा प्रवासासाठी अचानक गोळ्या सोडल्याने नैराश्य उलटतं, आणि ते परक्या देशात.

काही गोष्टी ठाम आहेत. लिथियम हे बायपोलरवर दिलं जाणारं औषध घेणाऱ्यांनी सायलोसायबिन घेतल्यावर झटके आल्याच्या नोंदी आहेत, तिथे प्रश्नच संपला. आयावास्कात एमएओ हे सेरोटोनिन मोडणारं विकर रोखणारी द्रव्यं असतात, ती नैराश्याच्या एसएसआरआय गोळ्यांबरोबर गेली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. घरात सख्ख्या-चुलत नात्यात मनोविकाराचा झटका येऊन गेलेलं कुणी असेल तर नको.

केंद्राची पारख त्यांनी काय विचारलं यावरून करावी. औषधांची पूर्ण यादी मागितली का? कौटुंबिक इतिहास विचारला का? सोबतच्या माणसांची नावं, शिक्षण, आणि रात्री काही झालं तर डॉक्टर किती अंतरावर आहे, हे लेखी देतात का? स्पर्शाबद्दलचा नियम आधी सांगतात का? नंतरच्या भेटी किती आणि कुणाशी? पैसे भरण्याचा दुवा आधी आणि आरोग्याची प्रश्नावली नंतर आली तर तिथे जाऊ नये.

अपेक्षाही जमिनीवर आणाव्या लागतील. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरची २०२२ ची मोठी चाचणी, २३३ माणसं, २५, १० आणि १ मिलिग्रॅम असे तीन गट. तीन आठवड्यांनी २५ चा गट १ च्या गटापेक्षा स्पष्ट पुढे होता. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकून राहिलेली सुधारणा मात्र त्या गटातही साधारण पाचातल्या एकातच दिसली. तीही छाननी, तयारी आणि नंतरच्या भेटी हे सगळं पाळून. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञांना हे देता येतं, पण तिथेही तेच तज्ज्ञ रुग्णाला आधी तपासतात. हौशी केंद्र आणि हे यांत गल्लत करू नका.

त्यांच्या गोळीचं नाव आणि मात्रा इथे जाहीर लिहू नका, डॉक्टरांकडे न्या.